घरच्या टाय-डायसाठी रिअ‍ॅक्टिव्ह रंग: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

घरी टाय-डाय, म्हणजे कापडाला घड्या घालून आणि रबरबँड बांधून रंगवणं, करायचं म्हटलं की सगळे आधी घड्या आणि नक्ष्यांचे व्हिडिओ बघतात. माझ्या मते आधी रंग बघावा. मी गेले काही महिने साध्या, कोमट पाण्यात चालणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरते आहे. सुती टी-शर्ट, उशांचे अभ्रे, एक जुनी चादर आणि खिडकीचे पडदे असं बरंच काही त्यात रंगवून झालं. त्याआधी उकळत्या पाण्यात घालायची, 'सगळ्या कापडांना चालते' असं लिहिलेली पूड वापरत होते. दोन्ही प्रकारचे कपडे आजही वापरात आहेत आणि एकाच मशीनमध्ये धुतले जातात. उकळून रंगवलेला निळा आता राखाडीकडे झुकला आहे. रिअ‍ॅक्टिव्ह निळा पहिल्या धुण्यानंतर जसा होता, जवळपास तसाच आहे. एवढ्यासाठीच मी हे रंग सोडणार नाही.

असं का होतं ते कळल्यावर पुढची बरीच कामं सोपी झाली. उकळायच्या पुडीतला सुतीसाठीचा रंग धाग्याला नुसता धरून बसतो, त्यामुळे प्रत्येक धुण्यात थोडा सुटत जातो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग कापसातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतो आणि धाग्याचाच भाग होतो. रॅटी आणि स्टीफन या रसायनतज्ज्ञांच्या कामातून हे रंग आले आणि ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने 1956 साली ते 'प्रोसिऑन' नावाने बाजारात आणले. टाय-डाय करणारी मंडळी आजही जे 'एमएक्स' रंग मागतात, ते याच घराण्यातले.

हा बंध जुळायला अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, लागते, आणि ते काम धुण्याचा सोडा करतो. खाण्याचा सोडा इथे चालत नाही, तो फारच सौम्य पडतो. मी लिटरभर कोमट पाण्यात साधारण 60 ग्रॅम सोडा अ‍ॅश विरघळवते आणि कापड त्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवते. धुण्याचा सोडा दोन रूपांत मिळतो, हे मात्र लक्षात ठेवा. सोडा अ‍ॅश ही कोरडी, निर्जल पूड. स्फटिकांच्या रूपात मिळतो त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून 60 ग्रॅमच्या जागी 160 ग्रॅमच्या आसपास घ्यावा लागतो. पुष्कळ जणांचे रंग फिके येतात त्याचं कारण इथे सापडेल.

व्हिनेगर आणि मिठाने रंग पक्का होतो, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. मी वापरलेल्या एका तयार किटच्या पत्रकावरही तो छापलेला होता. या रंगांसाठी तो सरळ चुकीचा आहे. व्हिनेगर आम्ल आहे, ते सोड्याचं काम मारतं. मिठाचा उपयोग मोठ्या भांड्यात अख्खं कापड एकाच रंगात बुडवताना होतो, तेव्हा ते पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलतं. बाटलीने रंग सोडायच्या टाय-डायमध्ये त्याची गरज नाही.

कापड कोरं असेल तर आधी गरम पाण्यात साबण घालून धुवा. खळ राहिली की रंग वरच्या वर थबकतो आणि डाग-डाग दिसतात. कपडे मऊ राहण्यासाठी वापरायचं द्रावण या धुण्यात घालू नका. सुती, लिनन, व्हिस्कोस (रेयॉन) हे सगळे छान रंग घेतात. व्हिस्कोसवर तर रंग इतका गडद उतरतो की नवल वाटतं. रेशमावरही हे रंग चढतात, पण छटा बदलते. लोकर सोड्याने खराब होते, तिला या पाण्यापासून दूरच ठेवा. पॉलिस्टर जवळजवळ काहीच घेत नाही. शंभर टक्के सुती टी-शर्टची शिलाईसुद्धा बहुतेक वेळा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते, त्यामुळे सगळा शर्ट जांभळा झाला तरी गळ्याभोवती आणि बाह्यांच्या टोकांना पांढरे टाके ओळीने उठून दिसतात. मला ते आवडतात. ज्यांना आवडत नाहीत त्यांनी विकत घेतानाच शिलाईचा दोरा बघून घ्यावा.

रंग मिसळताना पाव लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे पूड हे माझं ठरलेलं माप आहे. फिरोजी आणि काळ्यासाठी त्याच्या दुप्पट. आधी थोड्या पाण्यात पूड घोटून पेस्ट करायची, मग उरलेलं पाणी. पाणी उकळतं नको, त्याने रंगाची ताकद जाते. थोडा युरिया घातला तर रंग नीट विरघळतो आणि कापड जास्त वेळ ओलसर राहतं. ते ओलसर राहणं महत्त्वाचं, कारण वाळलेल्या कापडात बंध जुळायचं काम थांबतं.

पूड उडत असताना मात्र मास्क हवाच. ही बारीक पूड श्वासातून वारंवार आत गेली तर काहींना तिची कायमची अ‍ॅलर्जी जडते. हातमोजेही हवेत. या कामाचे चमचे आणि भांडी स्वयंपाकघरात परत न्यायची नाहीत, हा नियम मी घरात सगळ्यांना सांगून ठेवला आहे.

प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा असतो, आणि मला सगळ्यात जास्त आनंद तो ओळखण्यात मिळाला. राणी रंग घाईचा, सोड्याचं कापड लागताच धरतो. फिरोजी अगदी सावकाश. त्याचा रेणू मोठा आहे, त्याला ऊब आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, शिवाय धुताना तोच सगळ्यात जास्त वाहून जातो. म्हणून फिरोजी आणि पिवळ्यापासून केलेल्या हिरव्याच्या कडेला निळसर झालर येते. काळा हाही मुळात मिश्रणच. पांढऱ्या ओल्या कापडावर त्याचा एक थेंब सोडून बघा: मध्ये गडद ठिपका राहतो आणि त्याभोवती जांभळट, तांबूस, निळसर कडी हळूहळू पसरत जातात. सपाट काळा हवा असेल तर याने वैताग येईल. मी आता मुद्दाम असे फुटणारे रंग निवडते आणि कापडावर बर्फ पसरून वर कोरडी पूड भुरभुरते. बर्फ वितळेल तसे घटक रंग आपापल्या वेगाने खाली उतरतात, आणि हाताने कधीच जमल्या नसत्या अशा छटा येतात.

आता वाट बघण्याबद्दल. किटच्या पत्रकांवर सहा-आठ तास लिहिलेले असतात. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पूर्ण 24 तास ठेवते, आणि खोलीचं तापमान 20 अंशांच्या खाली असेल तर उबदार कोपरा शोधते. गारठ्यात ही क्रिया फार मंदावते. आठ तासांनी उघडलेले आणि दिवसभर मुरलेले अभ्रे शेजारी ठेवले, तर राणी रंगात फरक शोधावा लागतो, फिरोजीत तो लांबून दिसतो.

धुणं हे रंगवण्याइतकंच मोठं काम आहे, आणि पत्रकांमध्ये त्यासाठी जेमतेम एक ओळ असते. काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच क्रिया करून बसतो. त्याला आता धाग्याशी जुळता येत नाही, पण तो कापडात अडकून राहतो आणि पांढऱ्या भागावर जाऊन बसायची संधी बघतो. म्हणून रबरबँड न सोडता आधी वाहत्या थंड पाण्याखाली धरायचं. सोडा निघून जातो, कापडाचा बुळबुळीतपणा कमी होत जातो, बोटांना ते लगेच कळतं. मग रबरबँड सोडायचे आणि पाणी बऱ्यापैकी नितळ येईपर्यंत थंडच पाणी. त्यानंतर सहन होईल तितक्या गरम पाण्यात तासभर भिजवून ठेवायचं, पाणी बदलायचं, पुन्हा भिजवायचं. सुटा रंग गरम पाण्यातच खऱ्या अर्थाने निघतो. शेवटी ओल्या कापडावर पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबते. फडक्यावर रंग आला नाही की ते कापड इतर कपड्यांबरोबर धुवायला मोकळं. या सगळ्याला पाणी खूप लागतं. ही माझी या रंगांबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे, आणि तिच्यावर पूर्ण उपाय सापडलेला नाही. वाहत्या पाण्यापेक्षा बादलीत भिजवून पाणी बदलत राहिलं तर बरंच वाचतं, इतकंच.

दुसरी तक्रार टिकण्याबद्दल. कोरडी पूड घट्ट झाकणात, थंड आणि कोरड्या जागी चांगली टिकते. पाण्यात कालवलेला रंग थंड जागी आठवडाभर ठीक, पुढे तो दिसतो तसाच पण धरत नाही. बाटलीतच सोडा मिसळला असेल तर काही तासांत संपवावा लागतो. पाणी घालताच सोड्यासकट तयार होणाऱ्या बाटल्या म्हणूनच मला पटत नाहीत. उरलेला रंग वाया जातो.

धुण्याला हे रंग उत्तम टिकतात, उन्हाला तितके नाही. माझ्या पडद्यांची काचेकडची बाजू आतल्या बाजूपेक्षा स्पष्ट फिकी झाली आहे. पडदे पुन्हा रंगवायचे झाले तर हे रंग वापरणार नाही. क्लोरीनचं ब्लीच तर अजिबात लावू नका, रंग काही मिनिटांत उडतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी वीस रंगांचा डबा घेऊ नये. राणी, फिरोजी आणि लिंबू पिवळा एवढे तीन पुरे, बाकीचे यातूनच होतात. फक्त तिन्ही एका जागी गेले तर मातकट तपकिरी येतो, म्हणून पिवळ्याशेजारी जांभळा ठेवताना मध्ये पांढरी जागा सोडा. आणि घरातले बहुतेक कपडे पॉलिस्टरचे असतील तर हे रंग घेऊच नका. त्यासाठी डिस्पर्स नावाचे वेगळे रंग असतात, ते जवळपास उकळत्या पाण्यात चढवावे लागतात, आणि तो उद्योग मी अजून केलेला नाही.