विशेष खटाटोप न करता: आयफोनवरील ‘हेल्थ रेकॉर्ड्स’ आणि त्यामागचे डॉक्टर

माझे वडील न्यू जर्सीत माझ्याकडे राहतात. त्यांच्या हृदयावरचे उपचार एका रुग्णालयात, मूत्रपिंडाचे दुसऱ्या रुग्णालयात आणि नेहमीचे डॉक्टर तिसऱ्याच ठिकाणी, अशी विभागणी आहे. 2019 साली एका ठिकाणच्या तपासण्या दुसऱ्या ठिकाणी पोहोचवायच्या म्हणून मी अर्ज भरले, फॅक्सची वाट पाहिली आणि शेवटी कागदांची पिशवी घेऊन स्वतःच गेलो. आज त्या तिन्ही ठिकाणच्या नोंदी वडिलांच्या आयफोनमधील ‘हेल्थ’ अ‍ॅपच्या ‘हेल्थ रेकॉर्ड्स’ या सोयीत एकत्र दिसतात. ही सोय दीर्घकाळ वापरल्यावर मी हे लिहीत आहे.

अ‍ॅपलने ही सोय 2018 मध्ये मोजक्या रुग्णालयांसह सुरू केली. प्रत्येक रुग्णालयाच्या पोर्टलवरचे (रुग्णांसाठीच्या संकेतस्थळावरचे) आपले वापरनाव आणि पासवर्ड एकदा दिले की औषधे, अ‍ॅलर्जी, लसी आणि प्रयोगशाळेचे अहवाल थेट फोनमध्ये येतात आणि पुढे आपोआप भरत जातात. सर्वांत मोलाचा वाटतो तो आलेख. वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासले जाते, आणि ते हळूहळू वाढत असल्याचे आम्हाला प्रथम याच पडद्यावर दिसले, कारण तोवर कोणत्याही एका डॉक्टरांसमोर सगळे आकडे एकत्र आलेच नव्हते.

मात्र हे श्रेय केवळ अ‍ॅपचे नाही. 2009 च्या हायटेक कायद्याने अमेरिकेतील डॉक्टरांना आणि रुग्णालयांना संगणकीय नोंदींसाठी मोठे अर्थसाहाय्य दिले. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे डॉ. डेव्हिड ब्लूमेंथल तेव्हा या धोरणाचे राष्ट्रीय समन्वयक होते. 2008 मध्ये जेमतेम 9 टक्के रुग्णालयांत प्राथमिक स्वरूपाची संगणकीय नोंदपद्धत होती. 2015 पर्यंत 96 टक्के रुग्णालयांकडे प्रमाणित प्रणाली आली. संगणक आले, पण नोंदी ज्याच्या त्याच्या भिंतीआड राहिल्या.

त्या भिंतीला दार पाडण्याचे काम डॉ. डॉन रकर यांच्या वाट्याला आले, आणि त्यांची कारकीर्द मला या कामासाठी अगदी योग्य वाटते. ते आपत्कालीन विभागातील डॉक्टर. समोरचा रुग्ण अनोळखी, त्याची जुनी कागदपत्रे दुसरीकडे आणि निर्णय मात्र लगेच घ्यायचा, ही अडचण त्या विभागात रोजची असते. संगणकशास्त्राचेही शिक्षण घेतलेल्या रकर यांनी विंडोजवर चालणाऱ्या सुरुवातीच्या वैद्यकीय नोंदप्रणालींपैकी एक घडवण्यात भाग घेतला आणि पुढे बरीच वर्षे सीमेन्सच्या आरोग्य विभागात वैद्यकीय प्रमुख म्हणून काम केले. 2017 ते 2021 या काळात ते ब्लूमेंथल यांच्याच पदावर, म्हणजे राष्ट्रीय समन्वयक होते. 2016 च्या क्युअर्स कायद्यात नोंदी ‘विशेष खटाटोप न करता’ मिळाव्यात अशा अर्थाची अट होती. ती प्रत्यक्षात आणणारा नियम त्यांच्या कार्यालयाने 2020 मध्ये काढला. आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीसाठीच्या फायर (FHIR) या समान मानकावर आधारित दार, म्हणजे रुग्णाच्या अ‍ॅपला नोंदी घेता येतील अशी सोय, प्रत्येक प्रमाणित प्रणालीत असलेच पाहिजे, आणि सबळ कारणाशिवाय माहिती अडवता येणार नाही, असे त्याने ठरवले. माहिती अडवण्याविरुद्धच्या तरतुदी 5 एप्रिल 2021 पासून लागू झाल्या. नोंदी एकदा बाहेरच्या अ‍ॅपकडे गेल्या की रुग्णालयांना बांधणारा गोपनीयतेचा कायदा बहुधा तिथे लागू होत नाही, हा तेव्हाच्या विरोधकांचा आक्षेप मला आजही गंभीर वाटतो. ‘हेल्थ रेकॉर्ड्स’मध्ये नोंदी फोनवर सांकेतिक स्वरूपात राहतात, म्हणून मी ते निवडले, इतर अ‍ॅप घेताना ही चौकशी अवश्य करावी.

उणिवाही आहेत. एक्स-रे आणि सोनोग्राफीची चित्रे इथे येत नाहीत; त्यासाठी आम्ही अजूनही सीडी मागून घेतो. दुसरी उणीव अधिक जिव्हारी लागणारी आहे. अहवाल तयार होताच तो रुग्णाला दिसतो, त्यामुळे वडिलांच्या बायॉप्सीचा निकाल आम्ही डॉक्टरांचा फोन येण्याआधी, शुक्रवारी संध्याकाळी वाचला आणि सोमवारपर्यंत अर्थ लावत बसलो. निकाल चांगला होता, तरी ते दोन दिवस कठीण गेले. तरीही माहिती रोखून धरावी असे मी म्हणणार नाही. तपासणीच्या वेळीच डॉक्टरांनी ‘निकाल आधी तुम्हाला दिसेल, तेव्हा या क्रमांकावर फोन करा’ एवढे सांगितले असते, तर पुरले असते. आता प्रत्येक तपासणीआधी तो क्रमांक आम्ही मागून घेतो.