२० केव्हीचा सॉलिड-स्टेट स्विच, संत्र्याच्या रसाच्या कामावर

हिंगणा एमआयडीसीत जुळणी होणारा हा स्टॅक (एकापुढे एक जोडलेल्या ट्रान्झिस्टरांचा स्विच) थायरट्रॉनच्या, म्हणजे हीटरवर तापणाऱ्या वायूभरल्या स्विच-नळीच्या, जागी बसवायला म्हणून विकला जातो. आत १२०० व्होल्टचे २४ सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट (स्विचसारखे वापरायचे ट्रान्झिस्टर) सिरीजमध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ८३३ व्होल्ट. मार्जिन पुरेसं आहे. हीटर तापायची वाट पाहावी लागत नाही हे खरं, पण फायदा त्याहून मोठा आहे. थायरट्रॉन एकदा पेटला की करंट ओसरेपर्यंत ऐकत नाही. हा मधेच तोडता येतो. रसातले जंतू विजेच्या झटक्यांनी मारायच्या पल्स प्रक्रियेत नेमकं हेच लागतं. चेंबरमध्ये बुडबुडा अडकला की आर्क (ठिणगीचा शॉर्ट) पडतो, आणि ०.५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटर बँकेत १०० जूल तयारच बसलेले असतात.

मात्र ट्रिप, म्हणजे शॉर्ट झाल्यावर करंट तोडणारं संरक्षण, ४ मायक्रोसेकंदांवर सेट होऊन येते. सिलिकॉन कार्बाइड शॉर्ट जेमतेम २-३ मायक्रोसेकंद सोसतो. आयजीबीटी या जुन्या सिलिकॉन स्विचच्या १० मायक्रोसेकंदांची सवय असेल तर ती इथे महागात पडेल. सेटिंग १ वर आणा, आणि आर्कचा करंट ४०० अँपिअरवर रोखायला ५० ओहमचा नॉन-इंडक्टिव्ह रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. तो सोबत मिळत नाही. २०० ओहमच्या चेंबरला मग १६ केव्हीच पोचतात. शिवाय ५ मायक्रोसेकंदांच्या पल्सला, सेकंदाला २०० या वेगाने, रेझिस्टर ३२० वॅट खातो. त्याला वेगळा पंखा हवाच. रस तापला की त्याचा रोध अंशाला सुमारे २ टक्क्यांनी घटतो, म्हणून करंटची ट्रिप-मर्यादा गरम रसावरच ठरवा.

बॅलन्सिंगचं, म्हणजे सगळ्या टप्प्यांवर व्होल्टेज सारखं वाटायचं, काम मात्र मन लावून केलंय. दर टप्प्यावर ४७० किलोओहमचे चार रेझिस्टर सिरीजमध्ये आहेत. एकच मोठा टाकला असता तर वॅट पुरले असते, व्होल्टेज पुरलं नसतं.

गेट ड्राइव्हची केबल सगळ्या टोरॉइडच्या (कड्यासारख्या ट्रान्सफॉर्मर-गाभ्यांच्या) मधून जाते. ती कुठे कडेला टेकली की कोरोना, म्हणजे हवेतून होणारी बारीक वीजगळती, सुरू होतो. पावसाळ्यात तिथे आधी पांढरी भुकटी दिसते, ओझोनचा वास येतो, मग इन्सुलेशन जातं. नायलॉनचे स्पेसर घालून केबल मधोमध धरा.

मोठी तक्रार टेस्ट पॉइंटची: ते सिलिकॉनखाली गाडलेत. मॉस्फेट बहुधा शॉर्ट होऊनच मरतो. तीन गेले तरी उरलेल्यांवर ९५२ व्होल्टच येतात, मशीन चालूच राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. तेवढं सिलिकॉन कापून काढा. महिन्यातून एकदा बँक डिस्चार्ज करून, शॉर्टिंग रॉड लावून, स्टॅकची दोन्ही टोकं सोडवून प्रत्येक टप्पा मीटरने मोजा, लाल प्रोब मॉस्फेटच्या ड्रेन टोकाला. १.८८ मेगाओहमच्या आसपास यायला हवं. दोन-चार ओहम आले तर तो टप्पा गेला.

मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये कॅबिनेटला हवा लागणारच, पण कूलर त्याच्या तोंडाशी लावू नका. बोअरच्या पाण्याचे क्षार बोर्डावर बसतात आणि पहिल्या दमट दिवशी ट्रॅकिंग, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरून वीज सरकणं, सुरू होतं.