चार्ल्स्टनची पायी टूर: नऊ महिन्यांत तीनदा केली, त्याचा अनुभव

आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहतो. तिथून साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन गाडीने साडेतीन तास. त्यामुळे घरी कुणी आलं की मुंबईकर जसे पाहुण्यांना गेटवेला नेतात तसं आम्ही चार्ल्स्टनला नेतो. गेल्या नोव्हेंबरपासून या जुलैपर्यंत तिथली पायी टूर मी तीनदा केली, तीन वेगळ्या गाईडांबरोबर. गल्ल्या साधारण त्याच, घरं तीच, तरी दर वेळी वेगळंच गाव बघून आल्यासारखं वाटलं. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीतसुद्धा गाईड बदलला की टूर बदलते.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधे जिभेसारखी निघालेली सपाट जमीन. इंग्रजांनी १६७० मध्ये जवळच वसाहत केली, दहा वर्षांनी ती या जागी हलवली, राजा दुसऱ्या चार्ल्सवरून चार्ल्स टाउन म्हणाले. १७८३ मध्ये त्याचं चार्ल्स्टन झालं. तांदूळ आणि नीळ यांच्यावर इथल्या लोकांनी अफाट पैसा केला. ओहोटी लागली की गावभर चिखलाचा एक वास सुटतो. बरोबरचे लोक नाक दाबत होते. माझं आजोळ दाभोळच्या खाडीकाठी, मला तर घरी आल्यासारखं झालं.

पहिली टूर नोव्हेंबरात, मी आणि नवरा. माणशी तीस डॉलर, दोन तास. ग्रुपमध्ये आम्ही सत्तावीस जण, गाईडकडे माइक नाही, त्यामुळे मागच्यांना फक्त हशा ऐकू यायचा. माणूस गप्पिष्ट होता, नाही म्हणत नाही. चाचे, भुतं, १७१८ मध्ये फासावर गेलेला स्टीड बॉनेट, सगळं रंगवून सांगितलं. रेनबो रो म्हणजे ओळीने तेरा रंगीत घरं. तिथे म्हणाला, दारू प्यायलेल्या खलाशांना आपलं घर ओळखता यावं म्हणून हे रंग दिले. सगळे खूश. किंग स्ट्रीटवर माइल्स ब्रूटनच्या घराच्या कुंपणावर भाल्यासारखे लोखंडी खिळे आहेत, तिथे ‘बघा काय सुंदर लोखंडकाम’ एवढंच बोलून पुढे. झुंबर कुठून आणलं, लाकूड कुठलं, हे बारीकसारीक सांगितलं. पण तांदूळ लावला कुणी, विटा भाजल्या कुणी, हे विषयच नाहीत. दोन तासांत ‘गुलाम’ हा शब्द मी मोजून दोनदा ऐकला. बाकी वेळ ‘घरातली कामाची माणसं’. परसातल्या ज्या खोल्यांत ती माणसं राहायची त्यांना ‘किचन हाउस’ म्हणाला, आणि त्या आता भाड्याने मिळतात हेही वर सांगितलं.

परत आलो तर मार्केट स्ट्रीटवर घोट्यापर्यंत पाणी. पावसाचा थेंब नव्हता, लख्ख ऊन होतं. नुसती मोठी भरती! शरदात हे तिथे नेहमीचंच. बुकिंगच्या आधी भरतीची वेळ बघायला हवी हे कोकणातल्या आजोळच्या मुलीला कळू नये, याची लाज वाटली. नवऱ्याचे लेदरचे बूट गेले ते गेलेच.

दुसरी टूर मार्चमध्ये, आई-बाबा पाटणहून आले होते तेव्हा. या वेळी आठच जणांचा ग्रुप निवडला, माणशी दहा डॉलर जास्त गेले आणि ते सत्कारणी लागले. गाईडबाई निवृत्त शिक्षिका. आईचे गुडघे बघून त्यांनी चाल कमी केली आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी बाक शोधून बसवलं. चामर्स स्ट्रीट तेवढी वाईट: सगळे गोल दगड, जहाजांत वजनासाठी भरून आणलेले. तिथे आईला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. बाकी रस्त्यांवर काही त्रास नाही.

इथल्या जुन्या घरांची एक तऱ्हा आहे. रस्त्याकडे घराची रुंदी एका खोलीएवढीच, आणि कुशीला लांबलचक पडवी, बहुतेक दक्षिणेला किंवा पश्चिमेला, वारा यावा म्हणून. रस्त्यावरचं मोठं दार उघडलं की तुम्ही घरात नाही, पडवीत पोचता. आई म्हणाली, “म्हणजे दार उघडून परत बाहेरच? मग कडी कशाला लावायची?” पडवीचं छत फिकट निळं. गल्ला गीची, म्हणजे या किनाऱ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, त्यांची समजूत अशी की भुतं पाणी ओलांडत नाहीत, म्हणून छताला पाण्याचा रंग. हे आईला लगेच पटलं. आमच्याकडे लिंबू-मिरची, त्यांच्याकडे निळा रंग.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना झुंबरांत रस नाही. भिंतींवर मधेमधे लोखंडाच्या चकत्या दिसतात, तिथे ते थांबले ते हलेनात. ३१ ऑगस्ट १८८६ ला इथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी सळया घालून बाहेरून चकत्यांनी आवळल्या. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, १९६७ मध्ये, बाबा पाटणला शाळेत होते. पुढची वीस मिनिटं टूर बाबांनीच चालवली, मी दुभाषी. चुन्यातल्या विटांच्या भिंतीला सळईचा उपयोग किती, यावर त्यांचं आणि गाईडबाईंचं शेवटपर्यंत जमलं नाही.

खलाशांच्या गोष्टीला या बाई नुसत्या हसल्या. रेनबो रोची घरं पार मोडकळीला आली होती, एका बाईने १९३१ च्या सुमारास आपलं घर गुलाबी रंगवलं आणि मग शेजारी रंगवत गेले, एवढंच. आणि ते ‘सुंदर’ लोखंडी खिळे? डेन्मार्क व्हेसी नावाचा सुतार, लॉटरी लागली त्या पैशांतून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलेला. १८२२ मध्ये त्याने गुलामांचा उठाव आखला, तो फुटला, त्याच्यासह पस्तीस जणांना फाशी झाली. त्यानंतरच्या भीतीतून ते कुंपणावर आले.

शेवटी सिटी मार्केट. तिथे गल्ला बायका गवताच्या टोपल्या विणत बसतात. आईने एक पसरट टोपली उचलली, दोन्ही हातांनी धरली आणि पाखडल्यासारखी हलवली. विणणारी बाई उठून उभीच राहिली. तिची आजी अशाच टोपलीत भात पाखडायची म्हणे. तांदूळ कसा लावायचा, कांडायचा, पाखडायचा, हे पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना येत होतं आणि मळेवाल्यांनी त्यावर पैसा केला, हे गाईडबाईंनी सकाळी सांगितलं होतं, पण आईपर्यंत ते पोचलं या टोपलीतून. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दहा मिनिटं काहीतरी चाललं होतं. मग बेने वेफर खाल्ले, म्हणजे तिळाची पातळ बिस्किटं. तीळही आफ्रिकेतूनच आलेले, बेने हे नावसुद्धा तिकडचं. “आणि इथली भेंडी?” आईने विचारलं. तीही. चवळीही. आईने हिशेब केला, “म्हणजे आपलं रोजचं जेवणच की.” टोपली आता पाटणला आहे. खरी किंमत मी तिला सांगितलेली नाही, कुणी सांगू नका.

तिसरी टूर जुलैत, मी आणि नऊ वर्षांची लेक. ही कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची टूर. जुलैत जाऊ नका, अगदी मनापासून सांगते. पारा ९५ फॅरनहाइटला गेला की घोडागाड्या बंद करायचा शहराचा नियम आहे. घोड्यांना नियम, माणसांना काही नाही. पण तिन्हींत टूर हीच सर्वांत चांगली. गाईड तिथलाच, घरच्या आठवणी मधे मधे येणारा. जुन्या एक्सचेंजच्या, म्हणजे पूर्वीच्या व्यापार-जकातीच्या इमारतीबाहेर उघड्यावर माणसांचे लिलाव व्हायचे, १८५६ मध्ये शहराने ते बंद केले. धंदा नव्हे, फक्त उघड्यावरची विक्री. मग व्यवहार आत सरकले, त्यातली चामर्स स्ट्रीटवरची जागा आज म्युझियम आहे. मार्चमध्ये तिच्याच समोरून आम्ही आईला सांभाळत गेलो होतो, तेव्हा माझं सगळं लक्ष दगडांवर.

बॅटरीवर, म्हणजे गावाच्या टोकाच्या पाण्याकाठच्या बांधावर, बंदराकडे तोंड करून त्याने रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट सांगितली. १३ मे १८६२ ची पहाट, उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चाललेलं, चार्ल्स्टन दक्षिणेच्या ताब्यात. गुलाम असलेल्या या नावाड्याने ‘प्लँटर’ ही बोट पळवली, कप्तानाची गवती टोपी घातली, बायकामुलं आत बसवली, प्रत्येक किल्ल्यासमोर बरोबर इशारा देत थेट उत्तरेच्या आरमारापाशी पोचला. पुढे तो अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेला. लेक घरी येईपर्यंत तेच सांगत होती.

एका बोळात त्याने आम्हाला भिंतीजवळ बोलावलं. वीट ओली असताना उचललेल्या बोटांचे ठसे तिच्यावर राहिलेत. हे काम बहुतेक लहान मुलांकडून करून घ्यायचे. माझं बोट त्या खळग्यात मावलं नाही. लेकीचं मावलं. तिने ते तसंच ठेवलं, मग काढून फ्रॉकला पुसलं.

तक्रार एकच: वाटेत स्वच्छतागृहासाठी कुठे थांबता येईल हे कुणीच आधी सांगत नाही. निघण्यापूर्वी विचारा. आणि गाईडलाही एक विचारा. पूर्वी गाईडना शहराची परीक्षा द्यावीच लागायची, २०१८ मध्ये कोर्टाने ती सक्ती काढली. आता ज्याला द्यायची तो देतो. माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गाईडने दिली होती. टिपचे पैसे धरून बजेट करा, १५ ते २० टक्के देतात. बंदरातला सम्टर किल्ला टूरमध्ये येत नाही, त्याची बोट वेगळी.

डिसेंबरात सासूबाई येतायत. सकाळी साडेनऊचं बुकिंग केलंय, तिसऱ्या गाईडबरोबर. त्या दिवशी भरती दुपारची आहे, बघून ठेवलंय.