पर्पल मार्टिनला रात्री निजायला काय द्यावं: भोपळे की अ‍ॅल्युमिनियमचं घर?

टेक्सासमधल्या भाचीला अंगणातल्या पर्पल मार्टिनसाठी, म्हणजे भिंगरीच्या कुळातल्या अमेरिकन पक्ष्यांसाठी, जागा वाढवायची आहे. ती वाढवायलाच हवी. मादी अंड्यांवर असताना नर बरेचदा शेजारच्या रिकाम्या कप्प्यात झोपतो, आणि उडायला लागलेली पिल्लंही काही दिवस रात्री घरीच परततात.

मी आधी सुरक्षितता बघते, कारण घुबड रात्रीच येतं. टांगलेला वाळका, पोकळ भोपळा खोल असतो, वाऱ्यावर झुलतो. पंजा आत पोचणं अवघड. जुन्या घरांचे 6 इंची चौकोनी कप्पे फारच उथळ. घर घ्यायचंच तर 12 इंच खोल कप्प्यांचं घ्यावं आणि बाहेरून जाळी लावावी. शिवाय घराच्या सलग ओसरीवर एकच नर दोन-तीन कप्पे अडवून बसतो.

खर्चात भोपळा हलका, एकेक वाढवता येतो. तो आपल्या दुधीच्याच जातीचा. अमेरिकेतले मूलनिवासी पूर्वापार या पक्ष्यांसाठी तो टांगत आले. मात्र त्याला रंग द्यावा लागतो, आतून साफ करणंही किचकट. घराची दारं उघडली की काम झालं.

वेळ कमी असेल त्यांनी खांबावर खाली-वर करता येणारं खोल कप्प्यांचं घर घ्यावं. भाचीकडे घुबडं फिरतात, तिला मी भोपळेच सांगितले.