झिम्बाब्वेच्या कोरड्या पट्ट्यात काय पेरावं: मका की ज्वारी?

दक्षिण झिम्बाब्वेत पाऊस नोव्हेंबर ते मार्च. तोही आता उशिरा येतो, मध्येच दडी मारतो. 2023-24 मध्ये एल निनोने घात केला आणि एप्रिल 2024 मध्ये सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली.

मक्याची खरी परीक्षा तुरा येताना असते. त्या पंधरवड्यात ताण पडला, तर तुऱ्यातून पराग झडून जातो आणि कणसाचे केस मागाहून बाहेर येतात. कणीस दिसतं, दाणे नसतात. त्यात उष्णतेची भर. आफ्रिकेतल्या वीस हजारांहून अधिक चाचण्यांवर 2011 मध्ये अभ्यास झाला. त्यात 30 अंशांवरच्या दर अंश-दिवसाला (म्हणजे दिवसभर एक अंश जास्त उष्णता) उत्पादन पाणी पुरेसं असतानाही 1 टक्का घटलं, दुष्काळात 1.7 टक्के. सिमिट या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन संस्थेच्या दुष्काळ-सहनशील वाणांनी हा फटका कमी होतो, टळत नाही.

ज्वारी पाण्याविना वाढ थांबवून बसते, पाऊस आला की पुन्हा उठते. पानांवर मेणाचा थर, मुळं खोल. मग सगळे ज्वारीच का पेरत नाहीत? एक कारण क्वेलिया पाखरांचे थवे. मक्याचा दाणा पानांत गुंडाळलेला असतो, ज्वारीचा उघडा. राखण करून माणसं थकतात. (गोफण फिरवलेल्यांना हे सांगायला नको.) शिवाय रोजचा साद्झा, म्हणजे पिठाची घट्ट उकड, लोकांना पांढऱ्या मक्याचाच आवडतो.

माझ्या मते हलक्या, कोरड्या जमिनीत ज्वारीच. मका फक्त ओल धरणाऱ्या तुकड्यात.