एअर प्युरिफायर: आठ महिने वापरल्यावर (पाथर्डी फाटा, नाशिक)

दिवाळीच्या आधी घेतला, आता जून लागला. आमचं घर पाथर्डी फाट्याजवळ. मुंबई-आग्रा हायवे हाकेच्या अंतरावर, त्यात रस्त्यांची खोदाखोदी. सासूबाईंना दमा आहे. थंडीत पहाटे शेकोट्यांचा धूर वर न जाता खालीच बसून राहतो, तेव्हा पंप उशाशी घेऊनच झोपतात त्या.

पहिले नऊ दिवस मशीनने काही म्हणजे काही केलं नाही. पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक धुळीचा, आकडा ८० च्या खाली येईना. परत करायच्या बेतात होते, तेवढ्यात धाकटे दीर आले. ते सातपूरला एका औषध कंपनीत एएचयू, म्हणजे कारखान्यात गाळलेली हवा सोडणारी यंत्रं, सांभाळतात. त्यांनी वरच्या जाळीवर टिश्यू पेपर धरला, तो हलेचना. "वहिनी, आतल्या फिल्टरचं प्लास्टिक काढलंत ना?" नव्हतं काढलं! काढल्यावर तासाभरात आकडा २० वर.

मग चहाबरोबर शिकवणी झाली. हेपा, म्हणजे मशीनमधला तो आतला फिल्टर, चाळणी नव्हे, तंतूंचं जंगल. मोठे कण सरळ जाऊन तंतूंवर आदळतात, अगदी बारीक भरकटत भरकटत चिकटतात. सटकतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे. एच १३ दर्जाचा फिल्टर अशा सर्वात चुकार कणांपैकीही ९९.९५ टक्के धरतो. "पण जी हवा फिल्टरमधून गेलीच नाही, तिचं काय?" हे भाऊजींचं वाक्य मात्र डोक्यात बसलं.

आमची खोली १२ बाय ११, उंची १०, म्हणजे साधारण ३७ घनमीटर. खोक्यावर सीएडीआर (तासाला किती घनमीटर हवा साफ होते तो आकडा) २५०, म्हणजे तासाला जवळपास पावणेसात वेळा खोलीभर हवा साफ. पण तो आकडा फुल स्पीडचा! स्लीप मोडवर पंखा जेमतेम फिरतो आणि आकडा पस्तिशीत अडकतो. आता झोपायच्या आधी अर्धा तास फुल, मग रात्रभर दोनवर. कपाटाच्या खाचेतून काढून भिंतीपासून हातभर पुढे ठेवला, तेव्हाही फरक पडला.

फोडणीचा खकाणा आणि सासूबाईंचा संध्याकाळचा धूप, दोन्हींना आकडा ३०० पार जातो. धूर वीसेक मिनिटांत ओसरतो, वास राहतो. वास शोषायला कार्बनची जाळी आहे म्हणतात, पण इतकी पातळ की नावालाच. आणि खिडक्या लावून झोपलं की सकाळी डोकं जड. एएचयू बाहेरची ताजी हवा घेतो, हा तीच ती हवा फिरवतो. कार्बन डायऑक्साइड हेपात अडकत नाही. म्हणून दुपारी खिडक्या उघड्याच.

बाहेरची जाळी दर रविवारी झटकते. कापसासारखा करडा थर निघतो, त्यात सासूबाईंचे पांढरे केस. आतला हेपा धुवायचा नसतो. तो बदलायचा दिवा फक्त तास मोजतो, मळ नाही. भाऊजींकडे फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा गेज असतो, तो चढला की फिल्टर चोक. माझा गेज म्हणजे टिश्यू पेपर. मे महिन्यात तो मरगळला. नवा फिल्टर २,८०० रुपयांना, तोही कंपनीने तीन आठवडे ताटकळवून दिला. घेण्याआधी हे विचारायला हवं होतं.

पंप अजून उशाशी असतोच, पण रात्री उठून घ्यावा लागणं कमी झालंय. शेजारच्या काकू विचारत होत्या, दोन खोल्यांना एक पुरतो का. नाही पुरत. दिवसा हॉलमध्ये, रात्री सासूबाईंच्या खोलीत, असा आम्ही तो उचलून नेतो. चाकं नाहीत, वजन साडेपाच किलो.