नारळ फिरवण्यापेक्षा दोरी टाकलेली बरी: भूजल सर्वेक्षणाचा अनुभव

दिंडोरी तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग. दोन बोअर कोरडे गेले, दोन्ही पाणाड्याच्या (हातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगणाऱ्याच्या) नारळावर. तिसऱ्याआधी नाशिकच्या एका खासगी भूजल सर्वेक्षकाला बोलावलं.

वाटलं, मशीन लावून जागा दाखवतील. त्यांनी आधी आमची अन् शेजारच्या दोघांची विहीर मोजली. पंप रात्रभर बंद ठेवायला लावले, सकाळी टेप सोडून पाण्याची खोली घेतली. नुसत्या खोलीवर जायचं नाही म्हणाले. काठाची उंची लेव्हलने (उंची मोजायच्या यंत्राने) काढून त्यातून खोली वजा करायची, म्हणजे पाण्याची खरी पातळी मिळते. आमचं पाणी वरच्या विहिरीपेक्षा 2 मीटर खाली निघालं, अंतर 200 मीटर. म्हणजे उतार शंभराला एक. तिसऱ्या विहिरीमुळे जमिनीखालचं पाणी वाहतं ती दिशा कळली: ओढ्याकडे नाही, तिरकी बांधाकडे! आमच्या आजोबांचा अंदाज साफ उलटा.

पाण्याचा वेग मात्र नुसत्या उतारावर ठरत नाही, खडक पाणी किती जाऊ देतो तेही लागतं. फ्रेंच अभियंता डार्सीने 1856 मध्ये मांडलेला नियम तोच. आपल्याकडे काळा पाषाण घट्ट, पाणी मुरमात, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकात अन् भेगांत. त्यामुळे हिशेब अंदाजाचाच, हे त्यांनी आधीच सांगितलं. आवडलं मला ते.

तक्रार एकच: रिपोर्ट आठवड्यात देतो म्हणून महिना लावला, तोवर छाटणी उरकली. नकाशाही मोबाईलवर वाचता येत नाही. पाचपैकी चार. बोअर बांधाजवळ घेतोय, दिवाळीनंतर.